बोनेटवरचं कोहळं

“महालक्ष्म्यांच्या जेवणाले बाजारातून कोहळ्याची एक फोड जरी आणा लागली ना, तं अंगणात गट्टू बसतील. आताच सांगून ठेवते,” सुमतीबाई ओसरीतून म्हणाल्या.

मनोहरराव त्या वेळी अंगणात घोटाभर चिखलात उभे होते. त्यांच्या हातात नारळाएवढं कोहळं होतं आणि त्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. अशा अवस्थेत माणसाला वाद घालता येत नाही. “बरं,” ते म्हणाले, आणि ते कोहळं त्यांनी कोपऱ्यातल्या खड्ड्यात, आधी सडलेल्या कोहळ्यांच्या शेजारी हलकेच ठेवलं.

गट्टू म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे. प्रताप नगरातल्या त्या गल्लीत एकेक अंगण गट्टूंखाली गेलं होतं. मातीचं असं मनोहररावांचंच उरलं होतं. बंगलोरला असलेल्या जितेंद्रचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, म्हणणं असं की पावसाळ्यात तिथे तळं होतं, डास होतात, आणि गावी आलं की गाडी लावायला जागा नसते. सुमतीबाईंचं म्हणणं असं की चिखलाचे पाय थेट देवघरापर्यंत येतात. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि तीच मनोहररावांची अडचण होती. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच होतं, की सगळी नोकरी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. आता हात घालायला स्वतःची म्हणून एवढीच माती आहे. हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. मोठ्याने म्हणण्याइतकं ते त्यांना कधी भक्कम वाटलं नाही.

सुरुवात एका पुस्तकाने झाली होती. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना कुठल्याशा थंड देशातल्या साहेबाने अजस्र कोहळी पिकवण्यावर लिहिलेलं पुस्तक मिळालं. पुण्यामुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला नागपुरात कोहळं म्हणतात, आणि त्याच्या भाजीशिवाय इथे पंगत बसत नाही. मुखपृष्ठावर साहेब एका कोहळ्याला टेकून उभा होता आणि दोघांत कोहळंच जास्त रुबाबदार दिसत होतं. मनोहररावांनी पुस्तक दोनदा वाचलं, तसलं बी मागवलं, आणि गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या, पंगतीत आयुष्यातली पहिली बढाई मारली: “पुढच्या वर्षी साऱ्या गल्लीले पुरन एवढं कोहळं मी घरचं देतो.”

वाढणारे जागच्या जागी थांबले होते. एरवी पंगतीत मनोहरराव ‘पुरे’ हा शब्दसुद्धा ऐकू जाईल असा म्हणत नसत, त्यामुळे त्यांच्या पानात दरवर्षी भात उरायचा. सुमतीबाईंनी ते वाक्य जपून ठेवलं, आणि यंदा जितेंद्रशी फोनवर बोलून त्याची अट करून टाकली. घरच्या कोहळ्यावर पंगत उठली तर अंगण मातीचं राहील. नाही तर गट्टू.

साहेबाच्या देशातही पाऊस पडत असावा, कारण गार आणि ओल्या हवेवर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण तो पाऊस वेळेवर येऊन वेळेवर जाणारा असावा. झड काय असते हे साहेबाला माहीत नव्हतं. यंदा श्रावणात झड लागली ती उठेचना. जोर नाही, कडकडाट नाही. नुसती दिवसरात्र भुरभुर. हवा इतकी गार झाली की सुमतीबाईंनी शाल काढली. त्यात खाली काळी माती. ती एकदा पाणी प्यायली की सोडायचं नाव घेत नाही. साहेब म्हणाला, फळाखाली कोरडी वाळू पसरा. मनोहररावांनी पसरली, ती दुसऱ्या दिवशी फाटकाखालून गल्लीत निघून गेली. साहेब म्हणाला, वेलीच्या बाजूने चर खणा. त्यांनी खणला; त्यात बेडूक राहायला आले. साहेब म्हणाला, पावसात मधमाश्या येत नसतील तर नर फुलातला पराग मादी फुलाला स्वतःच्या हाताने लावा. तेव्हापासून मनोहरराव रोज सकाळी मानेत छत्री धरून, हातात एक पिवळं फूल घेऊन, दुसऱ्या फुलापुढे वाकलेले दिसू लागले.

“गल्लीतल्या बाया विचारून राहिल्या, तुमचे हे रोज सकाळी कोणाची पूजा करतात म्हणून,” सुमतीबाई म्हणाल्या.

“मंग? काय सांगितलं तू?”

“सांगितलं, लग्न लावून राहिले.”

लग्नं लागत होती, पण संसार टिकत नव्हते. लिंबाएवढं फळ धरायचं, नारळाएवढं व्हायचं, आणि एका सकाळी बुडाशी मऊ लागायचं. सुमतीबाईंच्या मते त्याचं कारण उघड होतं. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं की ते सडतं. दाखवायचंच तर बोट वाकवून दाखवावं. हे त्यांच्या माहेरी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“सुमती, ते पाण्यानं सडते वं. बुरशी चढते. पुस्तकात लिहिलं आहे.”

“त्या पुस्तकवाल्यानं बोट दाखवलं का कधी?”

“नाही. तो टेकून उभा आहे.”

“टेकलेलं चालते,” सुमतीबाई म्हणाल्या. “बोट नाही चालत.”

शेवटचं फळ खड्ड्यात गेल्यावर अंगणात नुसती वेल उरली. तीही पाण्याला कंटाळल्यासारखी कंपाउंडच्या भिंतीवर चढून पलीकडे दिसेनाशी झाली होती. मनोहररावांनी तिचा नाद सोडला. गट्टूवाल्याचा नंबर सुमतीबाईंनी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता, आणि पाणी प्यायला गेलं की तो दिसायचा.

भिंतीपलीकडे धम्मानंदजी राहत. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. दोघांचा शेजार जुना होता, पण भिंतीवरून “काय म्हणता?” आणि “बरं आहे जी” यापलीकडे तो कधी गेला नव्हता. धम्मानंदजींची जुनी पांढरी गाडी भिंतीलगतच्या शेडखाली करड्या कव्हरात गुंडाळून उभी असे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी ती चालवणं सोडलं होतं. आता दिवाळीला मुलगी रोशनी बदली होऊन नागपुरात परत येणार होती, स्वतःची गाडी घेऊन; तेव्हा जुनी विकायला काढली होती.

एका रविवारी सकाळी भिंतीवरून हाक आली.

“मनोहरराव, जरा इकडे येऊन जाता का? गाडी पाहाले लोक आले, अन् गाडीवर कोणीतरी बसून आहे.”

मनोहरराव गेले. शेडखाली गोलू नावाचा एक तिशीतला माणूस कव्हराचं एक टोक धरून उभा होता. सदर भागात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सोबत त्याची आई शोभाताई, हातात पेढ्यांचा पुडा. देवळातून परस्पर इकडेच आल्या होत्या. कव्हर अर्धं उचललेलं होतं आणि बोनेटवर, समोरच्या काचेला पाठ लावून, एक कोहळं बसलं होतं. सुमतीबाईंच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ते मावलं नसतं. एक वायपर त्याच्या बगलेत गेला होता. वेल भिंतीवरून उतरून कव्हराच्या इलॅस्टिकखालून आत शिरली होती. आत तिला साहेबाने सांगितलेलं सगळं एकाच जागी मिळालं होतं: कोरडं, उबदार आणि टणक. हे लग्न पावसातून आडोशाला आलेल्या एखाद्या माशीने लावलं असणार. तिने छत्री धरली नव्हती.

“काकाजी, हे काय आहे?” गोलूने विचारलं.

“कोहळं.”

“ते दिसून राहिलं. गाडीवर काहून आहे?”

“यांना विचारा,” धम्मानंदजी म्हणाले. “वेल यांची आहे.”

“माफ करा जी, माया लक्षात नाही आलं, ती इकडून अशी...” वेल कुठून आली हे दाखवायला मनोहररावांनी बोट उचललं आणि कोहळ्यापाशी पोचता पोचता ते वाकवलं.

धम्मानंदजींच्या नजरेतून ते सुटलं नाही. “तुम्ही मानता हे?”

“मी नाही मानत,” मनोहरराव ओशाळून म्हणाले. “पण कोहळं मानत असन तं?”

इकडे शोभाताईंनी हात जोडले होते. “गोलू, चप्पल काढ पहिले.”

“आई, गाडी पाहाले आलो आपण.”

“पाहिली. हेच पक्की. लोकं नवी गाडी घेतली की नजर लागू नाही म्हणून तिच्यापुढे कोहळं फोडतात. इथं कोहळं आपल्या पायानं येऊन बसलं. याच्याहून मोठा शकुन कोणता पायजे तुले?”

“अवं, इंजिन तं पाहू दे!”

“इंजिनावरच तं बसलं आहे ते!”

बोनेट उघडणं शक्य नसल्याने इंजिन पाहायचं राहिलं. शोभाताईंनी सगळं ठरवून टाकलं. महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या दिवशी, पितृपक्ष लागायच्या आत, गाडी न्यायची. “तोवर कोहळ्याले कोणी धक्का लावू नका. हे संग पायजे आम्हाले.”

हे कोहळं त्याआधीच पंगतीत वाढलं जाणार आहे, हे सांगण्याची ती वेळ होती. मनोहररावांनी तोंड उघडलंसुद्धा. पण शोभाताई पेढे वाटत होत्या. त्यांनी उघड्या तोंडात एक घातला. पेढा खाऊन होईपर्यंत मायलेक स्कूटरवर बसून गेले होते.

मनोहररावांनी धीर करून धम्मानंदजींना म्हटलं, “त्या बाई म्हणत होत्या, कोहळं संग पाहिजे म्हणून...”

“अजी, गाडी कोहळ्यावर चालते का पेट्रोलवर?” धम्मानंदजी म्हणाले. “असं कोणी खरंच मनावर घेते का? तुमचं कोहळं, तुम्ही न्या.”

विज्ञानाच्या माणसाने इतकं स्पष्ट सांगितल्यावर मनोहररावांनी विषय सोडून दिला.

घरी सुमतीबाईंनी वेगळीच हरकत काढली. “ते आपल्या अंगणातलं नाही. लोकाच्या बोनेटवरचं आहे.”

“मुळं आपल्या हद्दीत आहेत.”

“अन् फळ?”

असल्या प्रकरणात काय शेरा मारायचा हे मनोहररावांना नोकरीपासून ठाऊक होतं: उभय पक्षांनी आपसांत समजुतीने घ्यावे. त्यांनी तो मारून पाहिला. सुमतीबाईंनी थोडा विचार केला आणि समजुतीने घेतलं. “बरं. पण वेल जिती पायजे. मेल्या वेलीचं कोहळं मी देवीच्या नैवेद्याले नाही घेणार.”

आणि वेल मरायला टेकली होती. फळ कोरड्यात होतं, पण मुळं अंगणातल्या तळ्यात. पानं पिवळी पडत होती. मनोहररावांनी पुस्तक पुन्हा उघडलं. साहेब म्हणाला, वेलीच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटू शकतं. पेराखाली कोरडी माती द्या. म्हणून त्यांनी भिंतीवर एक बादली ठेवली, तिच्यात ओसरीतल्या कुंड्यांमधली कोरडी माती भरली आणि वेलीचं एक पेर तिच्यात दाबलं. मग पुढच्या पेराला घमेलं. त्याच्या पुढच्या पेराला कपडे भिजवायचा टब. झड चालूच होती, त्यामुळे प्रत्येक भांड्यावर काहीतरी झाकण आलं: एक मोडकी छत्री, एक सूप, जितेंद्रचा शाळेतला रेनकोट. भिंत एखाद्या दवाखान्याच्या वॉर्डासारखी दिसू लागली. सुमतीबाईंची आंघोळ आता तांब्यावर आली होती, पण त्या गप्प होत्या. पुरणाचं पितळी पातेलं त्यांना भिंतीवर सापडलं त्या दिवशी त्या गप्प राहिल्या नाहीत.

“हे महालक्ष्म्यांचं पातेलं आहे!”

“हो. अन् हे महालक्ष्म्यांचंच कोहळं आहे,” मनोहरराव म्हणाले. बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले. एवढं नेमकं उत्तर त्यांनी लग्नानंतर प्रथमच दिलं होतं.

पातेलं परत गेलं, त्याच्या जागी धम्मानंदजींच्या घरून कुकर आला. धम्मानंदजी या कामात कधी ओढले गेले ते त्यांनाही कळलं नाही. पहिले एकदोन दिवस ते नुसते येऊन पाहायचे. मग पत्नी भावनाताईंचा एक जुना टॉवेल घेऊन कोहळ्यावर जमलेला दमटपणा टिपू लागले. मग त्यांनी कव्हराचे कोपरे शेडच्या खांबांना बांधून तंबू केला, म्हणजे हवा खेळती राहील. तंबूत दोन स्टुलं आली. भावनाताई चहा तिकडेच पाठवू लागल्या.

“वाढून राहिलं जी,” धम्मानंदजी म्हणायचे.

“हाव.”

“पण मले ते थोडं खाली गेल्यासारखं वाटते.”

“वजन आहे ना जी.”

“हाव. वजन आहे.”

भौतिकशास्त्राचा मास्तर आणि मोजणी खात्याचा माणूस, दोघेही समोर बसून चहा पीत होते. खाली म्हणजे कशात, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

गल्लीला बातमी लागल्यावर माणसं पाहायला येऊ लागली. सुमतीबाईंनी फाटकाशीच ताकीद देऊन ठेवली असल्याने सगळे मुठी वळून उभे राहत. कोणी कोपराने दाखवत, कोणी हनुवटीने. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की शेडखाली कसलातरी मोर्चा आहे. एकटे धम्मानंदजी सरळ बोट दाखवून सगळं समजावून सांगत: इथून अन्न येते, इथून पाणी येते. त्यांच्या बोटाने कोहळ्याला काही झालं नाही. ते वाढतच होतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी मनोहररावांनी देठ कापला. कोहळं उतरवायला बिछान्याची चादर लागली आणि चादरीच्या चार टोकांना चार माणसं. “उचला, सांभाळून, वायपर, वायपर!” असं करत ते निघालं, आणि ते निघाल्यावर बोनेटवर जे होतं ते सगळ्यांना दिसलं. तिथे परातीएवढा एक खळगा पडला होता. गोल, खोल, गुळगुळीत. हाताने घडवल्यासारखा. तंबूच्या फटीतून पावसाचा एक थेंब त्यात पडला आणि घरंगळत बरोबर मध्यभागी जाऊन थांबला.

“पोचा आहे,” धम्मानंदजी म्हणाले.

“हाव,” मनोहरराव म्हणाले.

“वरून कव्हर टाकून ठेवू तूर्त. तुमचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या.”

मनोहररावांच्या ओसरीत कोहळं पाटावर ठेवलं. सुमतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि विळा मनोहररावांपुढे धरला. अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही, तो पुरुषाने. अशी त्यांच्याकडे रीत. मनोहररावांनी विळा घेतला. कोहळ्याकडे पाहिलं. विळा खाली ठेवला.

“माया हातून नाही होत वं.”

“आता मा! पंगत बसाची वेळ झाली,” सुमतीबाई म्हणाल्या. “धम्मानंदभाऊ, तुम्ही घाला घाव.”

“वहिनी, मी हे असलं मानत नाही. बाईनं कापलं तं काय होते?”

“तुम्ही मानत नाही ना? मंग तुम्हाले कापाले अडचणच काय?”

धम्मानंदजींनी या तर्कात कुठे भोक आहे का ते शोधून पाहिलं. सापडलं नाही. त्यांनी बाह्या सारल्या आणि घाव घातला. आतून केशरी रंग असा निघाला की उभी माणसं “बाप्पा!” म्हणाली.

सगळ्या गल्लीला भाजी पुरली. मेथीदाण्याची फोडणी, वर गूळ आणि खसखस. लोकांनी दोनदोनदा मागितली, डबे भरून नेली, तरी उरली. जितेंद्रला फोनवर पंगत दाखवली तेव्हा तो म्हणाला, “बाबा, मानलं तुम्हाला. गट्टू कॅन्सल.” सुमतीबाईंनी फ्रिजवरचा नंबर स्वतःच्या हाताने काढला. जेवताना वाढणाऱ्याने पानात भात घातला तेव्हा मनोहरराव “पुरे!” म्हणाले, आणि तो पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. त्या दिवशी त्यांच्या पानात शीतही उरलं नाही.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गोलू आणि शोभाताई हार, नारळ आणि नवी बॅटरी घेऊन आले. मनोहररावांना भिंतीवरून ते दिसलं आणि ते पलीकडे गेले. गोलूने कव्हर ओढलं.

शोभाताई नारळ हातात धरून गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

“कोहळं कुठी आहे?” शोभाताईंनी विचारलं.

“पंगतीत वाढलं ना जी!” सुमतीबाई भिंतीवरून उत्साहाने म्हणाल्या. “लय गोड निघालं. डबा देऊ का तुम्हाले?”

“अन् हा खड्डा?” गोलू म्हणाला.

“तिथं ते बसलं होतं,” धम्मानंदजी म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

“बसलं होतं ते उठवलं तुम्ही!” शोभाताई पोच्याकडे पाहत मागे सरकल्या. “मी सांगून गेली होती, धक्का नका लावू. कोहळं होतं तोवर गाडी शकुनाची होती. आता ती शकुन उठून गेल्याची जागा आहे. असल्या गाडीत मी पोराले बसवू?”

“आई, एकडाव इंजिन तं पाहू दे.” गोलूने खटका ओढला, बोनेटला हिसका दिला, गुडघा लावून पाहिला. पोच्याने बोनेटचा काचेजवळचा, बिजागरीकडचा भाग असा वाकला होता की ते उघडेना. इंजिन पाहायचं याही वेळी राहिलं.

मायलेक गेले. जाताना हार, नारळ आणि बॅटरी त्यांनी परत नेली. भाजीचा डबाही नेला.

धम्मानंदजी पोच्यातलं पाणी हाताने पुसत होते. “राहू द्या जी. घाव तं मीच घातला. रोशनीची गाडी राहीन दिवाळीत रस्त्यावर, अजून काय?” त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मनोहररावांना सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसापुढे गप्प बसण्याची त्यांना सवय होती. न रागावलेल्यापुढे कसं गप्प बसावं हे त्यांना माहीत नव्हतं.

“गाडी मी घेतो,” ते म्हणाले.

“कोण?” सुमतीबाईंनी भिंतीवरून विचारलं.

मनोहररावांनीही एकदा मागे वळून पाहिलं. पण मागे कोणी नव्हतं. बोलले होते ते स्वतःच.

“तुम्हाले गाडी चालवता येते?” धम्मानंदजींनी विचारलं.

“नाही.”

“शिकता का आता?”

“नाही जी.”

धम्मानंदजी नको नको म्हणाले. मनोहररावांनी आग्रह केला. आग्रह कसा करतात हे त्यांना नीटसं येत नव्हतं, म्हणून ते तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि शेवटी धम्मानंदजींचा नाइलाज झाला. रोशनीसाठी शेड रिकामी करायची होती. म्हणजे गाडी मनोहररावांकडे यायला हवी होती. त्यांच्याकडे ती उभी करायला अंगणाशिवाय जागा नव्हती. अंगणात काळी माती होती, आणि पहिल्याच दिवशी गल्लीतल्या लोकांनी गाडी ढकलत आणली तेव्हा तिचं पुढचं चाक फाटकातून आत येताच निम्मं खाली गेलं.

सुमतीबाईंनी केराच्या टोपलीतून गट्टूवाल्याचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला.

जितेंद्रला कळलं तेव्हा तो आनंदाने ओरडला. “बाबा! गाडी घेतली? आणि गट्टूपण? मी इतकी वर्षं काय सांगत होतो?” मनोहररावांनी खरा प्रकार सांगायला सुरुवात केली, पण तो लांबचा होता, आणि फोनवर आनंदात असलेल्या मुलाला मध्येच तोडणं त्यांना जमलं नाही.

गट्टूवाला आला तेव्हा मात्र ते टेप घेऊन स्वतः उभे राहिले. त्यांनी गाडीची लांबी-रुंदी घेतली, जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि रेघेच्या बाहेर एक गट्टू पडू दिला नाही. नोकरीत इतकी काटेकोर मोजणी त्यांनी क्वचितच केली होती. गाडी त्या चौकोनावर उभी राहिली. चारी बाजूंना माती होती तशी होती.

झड केव्हाच उठली होती. मनोहररावांनी ओसरीच्या कठड्यावर पुढच्या वर्षासाठी कोहळ्याच्या बिया वाळत घातल्या होत्या. एका सकाळी फाटकातून धम्मानंदजी आले, सोबत गॅरेजचा माणूस.

“याले आणलं जी. पोचा काढून देते. पैशाचं तुम्ही पाहू नका. मले बरं नाही वाटत, असली गाडी तुमच्या गळ्यात मारली म्हणून.”

गॅरेजवाल्याने कव्हर सारलं आणि पोच्यात हात फिरवून पाहिला. मनोहररावांनी पुढे होऊन त्याचा हात हळूच बाजूला केला.

“राहू द्या तो.”

“काहून?” धम्मानंदजी म्हणाले. “चांगली दिसन ना गाडी.”

“नाही, म्हणजे...” मनोहरराव थोडे अडखळले. “बसाले बरं पडते.”

धम्मानंदजींनी गाडीच्या भोवतालची माती पाहिली. कठड्यावरच्या बिया पाहिल्या. मग गॅरेजवाल्याला समजावून सांगावं म्हणून त्यांनी पोच्याकडे बोट केलं, आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण चप्पल काढतो तसं, अजून तिथे काहीही बसलेलं नसताना, ते वाकवलं.